सगळ्यांसारखा गेमपॅड

मित्रांनो, दिसायला मी अजून नवाच आहे, पण हात लागायचा थांबला की वस्तू लवकर जुनी होते. मी एक जुना गेमपॅड आहे. कोल्हापुरात मेहक नावाच्या मुलीच्या घरी, टीव्हीखालच्या कप्प्यात पडून असतो.

मला घडवणाऱ्यांनी कुणातरी माणसाचा हात डोळ्यांसमोर ठेवला असणार. डाव्या अंगठ्याने गेममधली गाडी वळवायची, उजव्या पहिल्या बोटाने खटका ओढून वेग द्यायचा, उजव्या अंगठ्याने ब्रेक दाबायचा. सगळं त्या हाताच्या मापाचं. तो हात मेहकचा नव्हता. रिक्षा उलटून झालेल्या अपघातानंतर तिच्या उजव्या हाताची बोटं वळेनाशी झाली होती. तळव्याने तेवढं दाबता येई. त्यामुळे पहिल्या दिवशी तिची गाडी जागची हललीच नाही. शेजारची संयोगिता तिची जिवलग मैत्रीण, पण तीही त्या दिवशी एकटीच खेळली.

मेहकचे अब्बा फक्रुद्दीन शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत लाकडी नमुने करतात. त्या नमुन्यांवरून साचे बनतात आणि साच्यांत लोखंड ओततात. अब्बांनी मेहकच्या तळव्याचं माप घेतलं आणि सागवानाची एक दांडी करून माझ्या खटक्यावर स्क्रूने बसवली. ती दांडी चांगली बोटभर मोठी झाली.

"अब्बा, हे काय, बैलगाडीचं जू केलंय व्हय?" मेहक म्हणाली.

अब्बा कपाळावर हात मारून हसले. "लोखंड थंड झाल्यावर आकसतंय, म्हणून नमुना मोठाच करायची सवय हाय बघ. तुझा हात आकसायचा न्हाय, हे ध्यानातच आलं न्हाय."

दांडी तासून बारीक झाली. ब्रेक त्यांनी गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन डाव्या बोटाखाली आणला. मेहकने तळवा टेकवला आणि गाडी सुसाट सुटली.

मित्रांनो, ते माझे चांगले दिवस. संयोगिताला स्टिअरिंग हलकं लागे, मेहकला जड. खेळणारी बदलली की सेटिंग बदलायचं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. संयोगिता दांडीवर हात ठेवायची आणि तिची गाडी पहिल्याच वळणावर भिंतीला धडकायची. "मेहके, असल्यानं तूच खेळ बाई," असं म्हणून ती आपला साधा गेमपॅड घेऊन यायची. मग दोघी बरोबरीने खेळायच्या, भांडायच्या, जिंकायच्या.

मे महिन्याच्या सुट्टीत गल्लीतल्या तालीम मंडळाने गाड्यांच्या शर्यतीच्या गेमची स्पर्धा ठेवली. मेहकने आनंदाने नाव दिलं. घराबाहेर इतर मुलांबरोबर ती पहिल्यांदाच खेळणार होती. अब्बा मला घेऊन तिच्याबरोबर तालमीत गेले, संयोगिताही आली. स्पर्धेची व्यवस्था आदर्श नावाच्या तरुणाकडे होती.

"चाचा, ह्यो ऱ्हाऊ दे," मला बघून आदर्श म्हणाला. " मंडळाचा गेमपॅड हाय, सगळ्यांना त्योच."

"तिची बोटं वळत न्हाईत रं. ह्याच्याबिगर तिला गाडी चालवता येत न्हाय."

"ही तालीम हाय चाचा. हितं कुस्तीला कुणाला वेगळी माती देत न्हाईत."

"माती एकच, पण वजनगट असतोय का न्हाय? बारक्या पोराला पैलवानासमोर सोडता व्हय?"

सगळे हसले. आदर्शही हसला. "उद्या पोरं बोंब मारतील की, हिला फायदा दिला म्हणून."

"कसला फायदा?" संयोगिता पुढे झाली. "थांबा, मी खेळून दाखवते ह्याच्यानं." तिने दांडीवर हात ठेवला आणि गाडी नेहमीप्रमाणे भिंतीवर नेऊन आदळली.

"बघ की! मग असल्यानं खेळायचंच कशाला?" आदर्श म्हणाला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. सगळ्यांना सारखं वागवतोय, असंच त्याला वाटत होतं.

मेहकच्या हातात मंडळाचा गेमपॅड आला. बाकीच्या गाड्या निघून गेल्या. ती मनगटाने खटका दाबत राहिली. गाडी थोडी सरकायची, थांबायची. "धक्का मारा रे गाडीला!" मागून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. मेहकने गेमपॅड खाली ठेवला. "झालं माझं," एवढंच म्हणाली.

घरी आल्यावर तिने मला अब्बांपुढे धरलं. "हे लाकूड काढा."

"का गं? झ्याक चालतंय की."

"सगळ्यांसारखं नसलं तर खेळू देत न्हाईत."

अब्बांनी स्क्रू-ड्रायव्हर आणला. मग त्यांनी दांडी काढली. पुढे कितीदा तरी त्यांनी विचारलं, "बसवू का परत?" ती नुसती नकारार्थी मान हलवते. संयोगिता काही दिवस येत राहिली. पण एकटीने किती खेळणार? आता तिचं येणंही कमी झालं आहे. मी अगदी सगळ्यांसारखा झालो, आणि मेहकच्या उपयोगाचा राहिलो नाही. ती पुन्हा मला मागेल, असं मला वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्या गल्लीत कधी खेळ मांडाल, तेव्हा नियम सांगण्याआधी खेळायला आलेल्यांचे हात नीट बघा. कुणाला काय सोयीचं पडतं, ते त्यालाच विचारा. मेहकला ते तालमीत कुणी विचारलं नाही. आता घरात पाहुणे आले, तरी ती उजवा हात ओढणीखाली झाकून बसते.