बुधवारी भरलेली काडतुसं

“एकदा बाकावर बसलीस की मध्ये उठायचं नाही, ओडेसा. उठलीसच, तर हातातलं काडतूस मोडायचं. ‘असेल बरोबर’ म्हणायचं नाही. मोडायचं.”

तिचा नवरा एल्बर्ट हे दर मोसमाला सांगायचा आणि ओडेसा दर मोसमाला ‘बरं’ म्हणायची. तेव्हा काडतुसं भरणारा तो होता. ती नुसती शेजारी बसून रिकाम्या नळकांड्या पुसून द्यायची. तो जाऊन चौदा महिने झाले. यंदा क्लबचे म्हातारे शिकारप्रमुख थर्मनकाका चर्चच्या पायरीवर तिला म्हणाले, “एल्बर्टच्या काडतुसांवाचून कसं व्हायचं गं?” आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “मी भरीन की.” कुणी हसलं नाही. धाकटा दीर क्लाइड हसला, पण तोंड फिरवून.

मग जुलैभर तिने मागच्या अंगणात शिसं वितळवलं. चाकांचा तोल राखायला लावतात ते शिशाचे तुकडे टायरवाल्याकडून आणले, एल्बर्टच्या लोखंडी पळीने साच्यात ओतले, मोठे मोठे छर्रे पाडले. आणि या बुधवारी बाकावर बसून पंचवीस काडतुसं भरली.

आज शनिवार, हरणांच्या मोसमाचा पहिला दिवस. दलदलीच्या काठावरच्या क्लबच्या खोपटात ती पहाटेपासून मक्याच्या कण्या ढवळत होती. बाहेर कुत्रे पिंजऱ्यात उड्या मारत होते. ऑगस्टच्या उकाड्यात माणसांचे शर्ट सकाळीच पाठीला चिकटले होते.

“वहिनी,” क्लाइडने पहिलाच घास तोंडात घेऊन डोळे वटारले, “सगळा समुद्र ओतलास का यात?”

“जास्त झालं का मीठ?”

“जास्त? हरणांना चाटायला ठेव हे. बंदुकीची गरजच नाही.”

सगळे हसले, तीही हसली. माणसं अंडी आणि कलेजी खाऊन, कण्या ताटात तशाच ठेवून उठली. थर्मनकाकांनी तिच्या डब्यातली दहा काडतुसं खिशात घातली, दहा क्लाइडने घेतली. बाकीच्यांकडे दुकानाची होती. ट्रक धुरळा उडवत गेले.

ओडेसाने कण्यांची चव घेतली. खरंच, तोंडात धरवेना. मीठ दोनदा पडलं होतं. कसं पडलं तेही तिला आठवलं: मीठ घातलं, कुणीतरी दाराशी हाक मारली म्हणून ती गेली, परत आली, आणि हात आपोआप पुन्हा बरणीत गेला.

आणि तशीच, पळी हातात धरून, ती थिजली.

बुधवारी तिचा उपास असतो. दुपारी बाराला चर्चची घंटा झाली की ती जिथे असेल तिथे गुडघे टेकते. सत्तावीस वर्षांत एकदाही चुकलं नाही. या बुधवारीही घंटा झाली तेव्हा काडतूस भरायच्या यंत्राखाली होतं. त्यात बंदुकीची दारू पडली होती. ती उठली, प्रार्थना केली, परत येऊन बसली आणि दांडी ओढली. दारूची दांडी ओढली. मग वर बूच, छर्रे, तोंड दुमडलं, डब्यात टाकलं.

ओढली का? की ओढली नव्हती?

तिने डोळे मिटून बघायचा प्रयत्न केला. हात दिसत होता. दांडी दिसत होती. नक्की काहीच दिसत नव्हतं. दुप्पट दारूचं काडतूस थर्मनकाकांच्या त्या जुन्या, वडलांच्या वेळच्या बंदुकीत गेलं तर नळी गालापाशीच फुटणार.

डब्यात पाच उरली होती. तिने भाजीच्या सुरीने पाचही चिरली, दारू पाच बशांत ओतली. पाचही ढीग सारखे. म्हणजे असलंच तर ते काडतूस तिकडे होतं. दोघांपैकी एकाच्या खिशात, नाहीतर एव्हाना बंदुकीत.

ती दारात गेली, परत आत आली, पुन्हा दारात गेली. थर्मनकाका कालव्याच्या बाजूला, क्लाइड जुन्या रेल्वेच्या भरावावर, दोन टोकं. एकाकडे जावं तर दुसरा राहतो. दूर कुत्र्यांचा गलका सुरू झाला, म्हणजे हरीण उठलं होतं. कुणाला कळू न देता काडतुसं परत मागून घ्यायची वेळ गेली होती.

भिंतीवर बैलाचं शिंग टांगलेलं होतं. तीनदा लांब फुंकलं की शिकार थांबते, सगळे माघारी येतात. तिने ते काढलं, फुंकलं. नुसती हवा फुसफुसली. ओठ ओले करून पुन्हा फुंकलं. रेड्याला पडसं झाल्यासारखा आवाज निघाला. तेवढ्यात भरावाकडून बार झाला.

 ओडेसाने शिंग सोडलं नाही. “प्रभो, आत्ता नाही,” एवढंच म्हणाली आणि फुंकत राहिली. तीनदा, पुन्हा तीनदा, डोळ्यांपुढे काजवे चमकेपर्यंत.

पहिला ट्रक क्लाइडचा आला. तो धडधाकट उतरला आणि उतरल्या उतरल्या ओरडायला लागला.

“वीस पावलांवर नर होता! एवढी शिंगं! आणि मागून तुझं ते रेकणं! नेम चुकला ना माझा! कोण मेलं?”

“कुणी नाही,” ती म्हणाली. तिला त्याच्या गालाला हात लावून बघावंसं वाटलं. “क्लाइड, खिशातली काडतुसं दे. सगळी.”

थर्मनकाका येईपर्यंत तिने सगळ्यांना थांबवून ठेवलं. मग सगळ्यांसमोर, आवाज न चढवता, बुधवारचं सगळं सांगितलं. घंटेचंही.

“मग तोलून बघ ना,” क्लाइड म्हणाला. “चिरून नासायची कशाला? काटा आहे घरी.”

“तोलून नाही कळत. शिसं हाताने ओतलंय. एक छर्रा जड, एक हलका. नऊ छर्ऱ्यांच्या फरकात ती दारू लपून जाते.”

थर्मनकाकांनी मान हलवली आणि सुरी मागितली. क्लाइडची नऊ चिरली. दहावं त्याने उडवलंच होतं. मग काकांनी आपली टेबलावर मांडली. बशा संपल्या, मग झाकणं घेतली. सगळे ढीग सारखे. मोठा ढीग कुठेच नाही.

“बघ!” क्लाइड म्हणाला. “काहीच नव्हतं. मोसमाचा पहिला दिवस घालवला बाईने. काका, नेम चुकला की शर्टाचं टोक कापून भिंतीवर ठोकता ना? आज वहिनीचा एप्रन कापा!”

भिंतीवर रंगीबेरंगी चिंध्या होत्या, प्रत्येकीवर नाव आणि साल. थर्मनकाका उठले. त्यांनी खरंच कात्री घेतली, ओडेसाच्या एप्रनचा कोपरा कापला आणि एल्बर्टच्या एकोणीसशे एकाहत्तरच्या चिंधीशेजारी ठोकला.

“हा झाला हिचा,” ते क्लाइडला म्हणाले, “आणि हिच्या खाली तुझा. वीस पावलांवरून चुकलास म्हणे.”

हशा झाला. ओडेसा मात्र टेबलाकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते.

“काका, तुमची आठच आहेत.”

“दोन कालव्याकाठच्या लूसिलबाईंना दिली. वाटेत थांबलो होतो. रताळ्यांत रानडुकरं येतात म्हणून रडत होत्या. दिवस कलला की त्या बंदूक घेऊन—” ते बोलता बोलता थांबले.

 क्लाइडने टोपी डोक्यावरून काढली, पुन्हा घातली. “मी जातो ट्रकने,” तो म्हणाला. या वेळी आवाजात थट्टा नव्हती.

“नको. तू गेलास तर त्या म्हणतील, दिलेली वस्तू पुरुषांना आता परत हवी झाली. देणार नाहीत. आणि भरली मी आहेत.”

“पोरी,” थर्मनकाका हळूच म्हणाले, “प्रार्थना तू कर. पण हातात काडतूस असलं तर ते मोडून मग गुडघे टेक. तेवढा वेळ देव थांबतो.”

“हो, काका.” तिने खालचा ओठ चावला. “ती दोन मी आणते. तुमच्या हातात देते. तोवर पाणीसुद्धा घेणार नाही.”

“अगं, उन्हात—”

“शब्द दिला, काका.”

तिने चुलीवरचं भांडं उतरवून बाजूला ठेवलं, बशांतली दारू एका डब्यात गोळा करून थर्मनकाकांच्या पुढ्यात सरकवली. कुत्रे अजून एकेक करून दलदलीतून परतत होते, चिखलाने माखलेले, जिभा बाहेर. माणसं त्यांची नावं घेऊन हाका मारत होती. त्या गडबडीत ओडेसाने गाडीची चावी घेतली, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि कालव्याच्या रस्त्याला लागली.