फुकटचं तारण

चिखल असा की पाय उचलला की चप्पल मागेच राहायची. म्हणून दोघी जावा अनवाणीच बटाटे काढत होत्या. आठवडाभर झोडपून पाऊस नुकता उघडला होता, वारा बोचरा होता, आणि काळी माती कुदळीला अशी चिकटायची की घाव कमी आणि खरवडणं जास्त. आज-उद्यात बटाटे निघाले नसते तर जागच्या जागी सडले असते. थोरली पुढे खणत होती, धाकटी मागून वेचत होती, आणि नवल म्हणजे धाकटी सकाळपासून गप्प होती.

हे नवलच. धाकटीला सगळं गाव 'करवत' म्हणायचं, आणि ते तिच्या तोंडावर म्हणायची हिंमत कुणात नव्हती. दोघींची घरं एकाच अंगणात, मधे कमरेएवढी भिंत. भिंत कमरेएवढी होती म्हणून भांडायला सोयीची होती. थोरली दर रविवारी हातपाय घासून प्रार्थनाघरात निघाली की पलीकडून आवाज यायचाच. "निघाल्या का जाऊबाई? देवाच्या घरी झाडू मारायला माणूस नाही वाटतं अजून?"

झाडू थोरलीच मारायची हे खरं होतं. प्रार्थनाघराच्या काचा पुसणं, आजाऱ्यांना गरम काहीतरी नेऊन देणं, महिन्यातून एकदा येणाऱ्या पाळकाची जेवायची सोय करणं, सगळं तिच्याच अंगावर. नवरा गेला त्या आठवड्यातही तिने काचा पुसायच्या सोडल्या नव्हत्या. बाप्तिस्मा घ्यायचा असेल त्याला तारण, म्हणजे पापातून सुटका, मिळायला आधी कशावर विश्वास ठेवायचा ते शिकवायचं कामही पाळकाने तिच्यावरच सोपवलं होतं. तिने 'हा तयार आहे' म्हटलं की पाळक निर्धास्त असायचा.

"जाऊबाई," धाकटी म्हणाली, "तारण मिळायला माणसाने कशाकशावर विश्वास ठेवायला लागतो?"

थोरलीची कुदळ हवेतच राहिली. "आता काय नवीन चेष्टा?"

"चेष्टा नाही. पोटात गाठ निघालीय. सोमवारी शहरात नेणार आहेत, कापायला. डॉक्टर म्हणाला, उघडल्यावर कळेल." तिने हातातल्या बटाट्याची माती अंगठ्याने काढली. "रविवारी पाळक येतायत ना. तेव्हाच मला ते बाप्तिस्म्याचं पाणी घ्यायचंय. पण मला काहीच येत नाही. आणि एक अडचण आहे. मेलेला माणूस उठला यावर माझा विश्वासच बसत नाही. मामंजी गेले तेव्हा मी त्यांना अंघोळ घातलीय. मेलेलं माणूस किती गार असतं ते माझ्या हातांना माहीत आहे. मग मी काय करू?"

गाठीचं ऐकून थोरलीने कुदळ खाली टेकवली, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं. ती काही दगड नव्हती. उत्तरही तिच्या ओठांवर होतं, झोपेतून उठवलं असतं तरी तिने ते सांगितलं असतं. ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, तिसऱ्या दिवशी उठला, तो प्रभू आहे, आणि आपण आपल्या कर्तबगारीवर नाही, त्याच्यावर विसंबायचं. एवढंच. त्यात एका शब्दाची भर घालायची नाही, असं पाळक तिला बजावून गेला होता.

पण ते 'एवढंच' तिच्या घशाखाली उतरेना. बाईने जन्मभर भिंतीवरून टोमणे मारायचे, गावातल्या एकाही माणसाला सरळ बोलायचं नाही, आणि शेवटी घाबरून हात पुढे केला की तिलाही तेवढंच मिळणार? मग मी इतकी वर्षं गुडघे झिजवले ते कशाला?

"विश्वासाचं नंतर बघू," थोरली म्हणाली. "आधी माफी मागायची. ज्याला ज्याला म्हणून तू बोललीस, त्याच्या दारात जाऊन. सगळ्यांदेखत. त्याशिवाय काही नाही."

"सगळ्यांची? अहो, मग उरलं कोण?"

"मी काय करू? तसंच आहे."

"पुस्तकात तसं लिहिलंय?"

"लिहिलंय," थोरली म्हणाली, आणि कुदळ अशी घातली की एका चांगल्या बटाट्याचे दोन तुकडे झाले.

तिला वाटलं होतं, करवत दोन शिव्या हासडेल आणि विषय संपेल. माफी मागणाऱ्यांतली ती नव्हतीच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली गाईंना चारा टाकत होती, तेव्हा धाकटी केस विंचरून, पोटावर हात धरून फाटकाबाहेर पडली.

थोरलीला राहवेना. दुधाची किटली घेऊन तीही मागोमाग निघाली. दूध घालायची वेळ नव्हती, पण विचारणार कोण?

पहिलं दार लोहाराचं. धाकटीला येताना बघून लोहाराने हातातली सांडशी खाली ठेवली नाही.

"हे बघ," धाकटी म्हणाली, "तू केलेला फाळ वाकडा होता आणि तुझ्यापेक्षा कुंभाराने बरा केला असता, असं मी बाजारात म्हटलं होतं. फाळ वाकडा होताच. पण चार माणसांत बोलायला नको होतं. मला माफ कर."

लोहार तिच्याकडे बघतच राहिला. मग सांडशी खाली ठेवत म्हणाला, "वाकडा होता थोडा."

"थोडा नाही. पण मी आज तेवढ्यासाठी आलेली नाही."

ही तिची माफी. पुढच्या दारांतही साधारण अशीच. सुताराच्या बायकोने तिला बसायला दिलं, चक्कीवाला हसून हसून लाल झाला, म्हाताऱ्या शाळामास्तरांना ती काय बोलली होती तेच आठवेना, तर हिने सगळं पुन्हा सांगून मग माफी मागितली. गाव दारात गोळा झालं. पोरं मागून चालायला लागली. कुणीतरी म्हणालं, "करवतीचे दात पडले वाटतं," आणि सगळे हसले. धाकटीने ऐकलं. तिचे कान लाल झाले, पण मागे वळून पाहिलं नाही.

शिंपिणीने मात्र दार उघडलं नाही. तिच्या पोरीचं लग्न मोडलं त्याला धाकटीचं एक वाक्य कारण झालं होतं, आणि तिचा राग खोटा नव्हता. आतून कडी घालून ती म्हणाली, "उभी राहा तिथेच." धाकटी उभी राहिली. वारा वाढला, भुरभुर पाऊस सुरू झाला, बघणारे एक एक करून घरी गेले. ती भिंतीला टेकली, पोट दाबून जरा वाकली, पुन्हा सरळ झाली. थोरली कोपऱ्यावरच्या पडवीत किटली धरून उभी होती. हाक मारली की संपत होतं. 'चल घरी, असं काही लिहिलेलं नाही' एवढं म्हणायचं होतं. तिने दोनदा तोंड उघडलं. पण मग धाकटी विचारणार, 'मग तसं सांगितलंत कशाला?' आणि त्याला काय उत्तर देणार? थोरली मागच्या वाटेने घरी आली आणि दूध होतं तसं ओतून टाकलं, कारण ते नासलं होतं.

संध्याकाळी दीर भिंतीजवळ आला. साधा माणूस, बायकोच्या आवाजावर त्याचं घड्याळ चालायचं. "वहिनी, हिला काय झालंय हो? घरी आली, भिजलेली, काही बोलली नाही. मी मुद्दाम ताट आपटलं तरी नाही. मला भीती वाटायला लागलीय."

"थकली असेल भावजी," थोरली म्हणाली. तिला त्याच्याकडे बघवेना.

तेवढ्यात धाकटी स्वतःच आली. भिंतीपलीकडून नाही, फाटक उघडून, आत. "शिंपिणीने शेवटी खिडकी उघडली," ती म्हणाली. "माफ केलं नाही. पण ऐकून घेतलं. आता तुम्ही राहिलात. रविवारी तुम्ही निघालात की मी बोलायचे. मला हेवा वाटायचा, जाऊबाई. तुम्हाला जायला एक जागा होती. मला माफ करा."

थोरलीने हातातलं फडकं उगाच पिळलं. "बरं बरं. जा, अंग पूस," म्हणाली. त्या रात्री भाकरीचा तुकडा तिच्या तोंडात फिरत राहिला.

रविवारी प्रार्थनाघर गच्च भरलं. कधी न येणारा लोहारही मागे उभा होता. करवतीचं काय होतंय ते बघायला आले होते सगळे, देवासाठी आले होते असं काही म्हणता येणार नाही. पाळक सायकलवरून आलेला, पायजम्याला चिखल, पण माणूस शांत. त्याने धाकटीला पुढे बोलावलं.

"भिऊ नका. एकच विचारतो. तारण मिळायला माणसाने कशावर विश्वास ठेवायचा?"

धाकटीने घसा साफ केला. "सगळ्यांच्या दारात जाऊन माफी मागायची. मी मागितली. एका घरी मिळाली नाही, पण मी पुन्हा जाईन."

पाळकाच्या कपाळाला आठी पडली. "माफी मागितलीत ते चांगलंच केलंत. पण ती तारणाची किंमत नाही, बाई. हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

थोरली पहिल्या बाकावर होती. धाकटीने तिच्याकडे पाहिलं, क्षणभरच. करवत काही मूर्ख नव्हती. त्या एका नजरेत तिला सगळं कळलं, आणि तिला कळलं हे थोरलीला कळलं. आता ही कापणार, थोरलीला वाटलं, आणि गावादेखत कापणार.

"कुणी नाही," धाकटी म्हणाली. "माझ्याच ऐकण्यात चूक झाली."

"मग घाई नको," पाळक मायेने म्हणाला. "नीट शिकून घ्या. पुढच्या महिन्यात मी येईनच."

"उद्या मला शहरात नेतायत," धाकटी म्हणाली. मग तिने मान हलवली. "पण ठीक आहे." आणि ती परत आपल्या जागेकडे निघाली, तसाच पोटावर हात धरून.

थोरली उठली. उठायचं असं तिने ठरवलं नव्हतं, पाय आपोआप उभे राहिले. "तिची चूक नाही. मी शिकवलं."

मागच्या बाकांवरची माणसं पुढे वाकली.

"चुकून?" पाळकाने विचारलं.

तो तिला सुटायला वाट देत होता. थोरलीला ती वाट स्वच्छ दिसली. "नाही," ती म्हणाली. "मुद्दाम. मला खरं उत्तर येत होतं. पण हिला फुकट मिळेल हे मला बघवत नव्हतं. मी इतकी वर्षं झाडते, पुसते, आणि हिने नुसता हात पुढे करायचा? म्हणून मी हिला गावभर फिरवली. पावसात उभी असताना बघत होते. घरी बोलावलं नाही."

मागून कुणीतरी च्च् च्च् केलं. पाळक तिला रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "बसा," आणि धाकटीकडे वळला. तिला त्याने ते सगळं साध्या शब्दांत सांगितलं, जे थोरलीने बटाट्याच्या शेतात गिळलं होतं. ख्रिस्त तुमच्या पापांसाठी मेला आणि उठला. तुमच्याकडून द्यायला काही नको. यावर विश्वास ठेवता का?

धाकटी म्हणाली, "खोटं बोलत नाही. विश्वास बसलाय असं मला म्हणता येत नाही. पण ठेवते."

"म्हणजे कसा?"

"उद्या तो डॉक्टर मला झोपवणार. तो चांगला आहे, यावर माझा विश्वास बसलाय असं नाही, मी त्याला एकदाच बघितलंय. पण त्याच्या टेबलावर आडवी होणार आहे ना मी? अर्धी खाली पाय सोडून नाही, पुरती. तसं. बसायचा तेव्हा बसेल, मी माझ्या बाजूने ठेवते."

पाळकाने डोळे पुसले आणि म्हणाला, "चला ओढ्यावर."

ओढ्याला गढूळ पाणी होतं आणि गार तर असं की पाळकाचेच दात वाजत होते. धाकटी पाण्याखाली गेली, वर आली, खोकली, आणि तिचा नवरा काठावर लहान मुलासारखा रडला. थोरली कोरडी शाल घेऊन सगळ्यांच्या मागे उभी होती. लोक तिच्याजवळून जाताना जरा अंतर ठेवून जात होते. तिने धाकटीच्या खांद्यावर शाल टाकली आणि जीव एकवटून म्हणाली, "मला माफ कर."

"केलं," धाकटी म्हणाली.

थोरली थांबली. "एवढंच?"

"अजून काय पाहिजे?"

"बोल ना काहीतरी. चार शिव्या दे. तुला येतात. मीही जाते दारोदार, तू सांगशील तिथे जाते."

"जाऊबाई, मी गारठलेय." धाकटीने शाल घट्ट ओढली. तिचे ओठ निळे पडले होते. "उद्या मला कापणार आहेत. शिव्या पाहिजेत तर परत आले की देईन, एक सोडून दहा देईन. नाही आले तर नाही. आता तुम्हीही जरा फुकटचं घ्या."

काठावर सगळं गाव उभं होतं आणि सगळ्यांनी ते ऐकलं. द्यायला थोरलीच्या हातात काहीच नव्हतं, शालसुद्धा नाही. तिने मान खाली घालून ते घेतलं, आणि घेताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.