लुटणं आणि चोरणं

आमच्याकडे कुणी दहावीला नापास झालं असं म्हणत नाहीत. ‘इंग्रजीत गेली’ म्हणतात, जशी माणसं तापात जातात तशी. मी दोनदा गेले होते. बाकीचे विषय निघाले होते, इंग्रजी तेवढी घशात अडकली होती. आमची वस्ती इंदापूरच्या अलीकडे. आजोबांच्या काळात मेंढरं होती, माझ्या वडिलांनी, आबांनी, ती विकून ऊस लावला. माझं अठरावं सरलं तसा त्यांनी अंगणात बसून निकालच देऊन टाकला.

“दिपे, ऑक्टोबरला इंग्रजी निघाली तर बारामतीला कॉलेजात घालतो. न्हाय निघाली तर दिवाळीनंतर लगीन उरकून टाकतो.”

आबा शब्दाचे पक्के. म्हणूनच मला धडकी भरली.

बारामतीत एसटी स्टँडच्या मागे जयवंताबाई इंग्रजीत गेलेल्यांची शिकवणी घ्यायच्या. त्यांच्या मते आम्हाला सगळ्यांना क्रियापदांनी मारलं होतं. आपल्याकडे उसनं ते उसनं, घेतलं काय नि दिलं काय. इंग्रजीत घेणाऱ्याचं बॉरो आणि देणाऱ्याचं लेंड. आपण शिकतो आणि शिकवतो, मध्ये एक ‘व’ घालून भागवतो. त्यांचं लर्न वेगळं, टीच वेगळं. बाईंची रीत अशी की नुसता अर्थ पाठ करायचा नाही, करून दाखवायचा. राइज म्हटलं की आपण उठायचं, रेझ म्हटलं की दप्तर उचलायचं. लाय म्हटलं की बाकावर आडवं व्हायचं, ले म्हटलं की पुस्तक बाकावर ठेवायचं. आम्ही घोडीएवढ्या पोरी बाकांवर आडव्या व्हायचो आणि येणारे-जाणारे कंडक्टर दारातून बघून हसायचे. हसेनात का. त्यांना कुठे पेपर द्यायचा होता?

मला रॉब आणि स्टील काही केल्या सुटेनात. दोन्ही चोरीच, मग दोन शब्द कशाला? बाई म्हणाल्या, “स्टील वस्तूला करतात. रॉब माणसाला करतात. पाटली चोरली तर स्टील. पाटलीवालीला लुटलं तर रॉब.” त्या दिवसापासून ते कधी चुकलं नाही. परतीच्या गाडीत मी आपल्याशीच जोड्या म्हणत बसायचे. आपल्याला काहीतरी येतं, हे मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटायला लागलं होतं.

आता आमच्या भागातली एक रीत सांगायला हवी. पोरगी पेपरला बसली की भावाने खिडकीशी उभं असायलाच हवं. चिठ्ठी पुरवणं म्हणजे भाऊबीजेची ओवाळणी. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. न पुरवली तर मात्र वाटतं. मार्चच्या पेपराला माझा भाऊ, रविराजदादा, पोलीस भरतीला पुण्याला गेला होता. तो भरतीत निघाला, मी इंग्रजीत गेले. मग वस्तीने त्याला धारेवर धरलं. आमची आई तर जेवताना रोज ऐकवायची, “सवताचं बघितलंस, पन बहिणीला एक चिठ्ठी देता आली न्हाय तुला.”

म्हणून पेपराच्या आदल्या दिवशी मी त्याला गाठलं.

“दादा, तू येऊ नगंस. मला येतंय सगळं.”

“बरं.”

“शपथ घे.”

“घेतली की,” तो म्हणाला, आणि लहान पोराला बघून हसावं तसा हसला. तिथेच मला कळायला हवं होतं.

इंदापूरच्या शाळेत पेपर होता. योग्य क्रियापद निवडा, हा प्रश्न आला आणि मला हर्ष झाला. एकेक जोडी ओळखीच्या बाईसारखी समोर येऊन बसत होती. तो प्रश्न लिहून झाला आणि चुरगाळलेला एक कागद येऊन माझ्या उत्तरपत्रिकेवर पडला. खिडकीत दादाचं तोंड होतं. तो मान हलवून ‘लिही, लिही’ करत होता. कागद ढकलून द्यायला मी हात लावला आणि त्याच वेळी भरारी पथकाच्या मॅडम वर्गात शिरल्या. दादा खिडकीखाली बसला.

मॅडमनी कागद उलगडला. मी म्हटलं, “मॅडम, ही माझी न्हाय. माझी उत्तरं बघा.”

चिठ्ठीत रॉबच्या जागी स्टील होतं आणि स्टीलच्या जागी रॉब. लर्न-टीचही उलटं. दादाने कुणाकडून लिहून आणली होती देव जाणे. मॅडमनी दोन्ही कागद शेजारी धरून वाचले.

“तुझं तर सगळं बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ झाला होता. “कुणी टाकली ही? नाव सांग आणि पुढं लिही. नाव सांगितलं नाहीस तर ती तुझीच धरावी लागेल.”

दादाची निवड झाली होती, पण नोकरीची ऑर्डर हातात यायची होती. नाव सांगितलं असतं तर त्याच्यावर केस झाली असती, आणि केस झालेल्याला पोलिसात कोण घेतं? मी खिडकीकडे बघितलं. खालच्या चौकटीवर त्याचे डोक्याचे केस तेवढे दिसत होते. त्याला सगळं ऐकू जात होतं. मला वाटलं, आता उठेल आणि म्हणेल, मी टाकली. त्याने म्हणावं असं मला फार, फार वाटत होतं. मॅडमही थांबल्या होत्या. मग ते केस तिथून हलले.

मी नाव सांगितलं नाही. माझा पेपर काढून घेतला आणि चिठ्ठी माझी असल्याच्या जबाबावर सही घेतली.

घरी आबा एवढंच म्हणाले, “तुझ्याच्यानं कॉपी बी धड झाली न्हाय.” मी त्यांना सगळ्या जोड्या अर्थासकट म्हणून दाखवल्या. त्यांनी ऐकल्या. पण बरोबर की चूक, हे आमच्या घरात ठरवणार कोण? दादा शेजारी बसून जेवत होता. त्याने मान वर केली नाही, आणि मला त्याच्या ताटातली भाकरी हिसकावून घ्यावीशी वाटली.

दिवाळी झाली आणि लोणी भापकरहून पाहुणे आले. मुलगा नागेश, त्याचे वडील कुंडलिकराव. मुलगा वाईट नव्हता. मला कॉलेजात जायचं होतं, एवढाच त्याचा दोष. कुंडलिकरावांनी विचारलं, “शिक्षण किती झालं?” आबा तोंड उघडायच्या आत मी बोलले.

“धावी नापास. कॉपी करताना धरलं मला.”

कुंडलिकरावांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. आई पदर तोंडाला लावून आत गेली. आबांच्या कपाळाची शीर उडत होती. मला भीती वाटत होती, पण पोरगी बदनाम झाली तर निदान एक वर्ष तरी मिळेल, एवढाच माझा हिशेब होता.

तेवढ्यात दादा दारातून पुढे आला. त्याची ऑर्डर आदल्याच आठवड्यात आली होती.

“पाव्हणं, तिचा दोष न्हाय,” तो म्हणाला. “चिठ्ठी मी टाकली हुती. तिनं बघितली बी न्हाय. मॅडम सवता म्हनल्या, पोरीचं समदं बरोबर हाय. माझी नोकरी जाईल म्हनून तिनं नाव घेतलं न्हाय माझं.”

शब्दन् शब्द खरा होता. खिडकीत उभं राहून त्याने म्हणायला हवे होते तेच शब्द.

कुंडलिकरावांचा चेहरा उजळला. “भाऊ बहिणीसाठी खिडकीला उभा ऱ्हातो, आन बहीण भावासाठी तोंड मिटून बसती,” ते आबांना म्हणाले. “जोतीरामराव, असलीच सून पायजे आमाला. त्या धावीचं काय घिऊन बसलाय? सुपारी आना.”

मी काही बोलायच्या आत आईने ताट आणून ठेवलं. सुपारी फुटली, गूळ वाटला गेला. दादाने माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि माझ्याकडे बघून हसला. आपण बहिणीला वाचवलं, असं त्याला खरंच वाटत होतं.