चहा चाखणाऱ्याचा चमचा

मी एक जुना चमचा आहे, चहा चाखायचा. मित्रांनो, तुमच्या घरी साखर ढवळणारे चमचे असतात, त्यांच्यात मला धरू नका. माझी वाटी खोल, दांडा आखूड आणि स्वभाव भारी उतावळा. एका जागी पडून राहणं मला जमतच नाही. धन्याच्या खिशात असलो तरी किल्ल्यांशी माझा खणखणाट चालूच.

एका कारागिरानं मला ठोकून ठोकून घडवलं आणि मी धन्याच्या हाती पडलो. धनी चहाच्या कंपनीत चाखणारा. तिथल्या लांब ओट्यावर कपांची रांग लागायची आणि आम्ही दोघं वाकून पुढे सरकत जायचो. मी चहा उचलायचा, त्यानं सुर्रकन ओढायचा, तोंडात घोळवायचा आणि पिकदाणीत थुंकायचा. गिळायचा नाही. गिळत बसला असता तर दुपारपर्यंत पोटाचा माठ झाला असता! त्याच्या जिभेला तोड नाही, असं सगळे म्हणायचे. जीभ त्याची, पण फुशारून मी जायचो.

ओटा मात्र बुटका आणि धनी ताडमाड उंच. मान कायम खाली. आधी ती आखडायला लागली, मग जेवताना घास अडायला लागला. धनी घोटभर पाण्यानं तो खाली ढकलायचा आणि ठसका लागला की सर्दीवर ढकलायचा. कंपनीत कुणाला पत्ता नव्हता, कारण तिथे गिळायची वेळच येत नव्हती. मला सगळं कळत होतं आणि जीव नुसता कासावीस व्हायचा. पण सांगणार कसं? मला खणखणण्यापलीकडे काय येतं?

धनी वाळत चालला. शर्ट अंगावर लोंबायला लागला आणि सैल खिशात मी गटांगळ्या खायला लागलो. एकदा बायकोनं ताट वाढलं, तर हा म्हणाला, कंपनीत चहा पिऊनच पोट भरलंय. ती हातातलं भांडं खाली ठेवून त्याच्याकडे बघत राहिली.

"अहो, तुम्ही तर सगळा चहा थुंकता. पोट कशानं भरलं?"

धन्यानं ताट बाजूला सारलं आणि म्हणाला, "घास खाली उतरत नाही गं. काही भलतंसलतं निघेल म्हणून मी बोललो नाही." मला तर हायसं वाटलं. सुटलो एकदाचे!

पण कसले सुटतोय! कुणीतरी सांगितलं म्हणून तो बायकोला घेऊन थेट कायरोप्रॅक्टरबाईंकडे गेला. मणके आणि सांधे हातानं मोकळे करणाऱ्या त्या बाई. बाहेर बसल्या बसल्या त्याचा पाय हलत होता आणि त्याबरोबर मीही. आत जाताच त्यानं मान पुढे केली आणि म्हणाला, एकदाच कटकन मोकळी करून द्या. बाईंनी सगळं विचारून घेतलं आणि हात मागे घेतले.

"कटकन काही करायचं नाही. घास अडतोय ना? आधी डॉक्टरांना घसा दाखवा, मानेचा एक्स-रे फोटो काढा. मग बघू."

धनी फणफणत बाहेर पडला. बायकोनं मात्र त्याला सरळ घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. फोटोत दिसलं, की मानेच्या मणक्यांना पुढून हाडाची चोच फुटली आहे आणि ती अन्ननलिकेला दाबते आहे. दुसरं भलतं काही नव्हतं. हे ऐकून बायको तिथेच रडली. डॉक्टरांनी मऊ जेवण आणि गिळायची तालीम सांगितली. त्यानं भागलं नाही तर ती चोच शस्त्रक्रियेनं काढायची.

मग धनी परत बाईंकडे गेला आणि डॉक्टरांना विचारूनच त्यांनी काम सुरू केलं. मानेला एकही झटका नाही. खांद्यांवर हलका हात आणि घरी करायचे सोपे व्यायाम. हाड आपल्या हातानं झिजणार नाही, आखडलेले स्नायू तेवढे सैल होतील, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. कंपनीत ओट्याखाली ठोकळे लावून तो उंच करून घ्यायला लावला. फरक हळूहळू पडत होता, आणि हळूहळू हा शब्द मला मुळीच सोसत नाही.

एका संध्याकाळी बायकोनं चहा केला. धन्यानं मला खिशातून काढलं, भरलं, ताठ बसून चहा ओढला. तोंडात घोळवता घोळवता सवयीनं त्याची नजर पिकदाणी शोधायला लागली. घरात पिकदाणी कुठली? बायको त्याच्या गळ्याकडे टक लावून बसली होती. मग गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. ठसका नाही.

"गेला?"

"गेला. चांगला करतेस गं चहा."

"एवढ्या वर्षांनी कळलं?" असं म्हणून तिनं डोळे पुसले.

मित्रांनो, जन्मभर मी चहा उचलला, पण माझा चहा कुणाच्या पोटात गेलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. सुका घास अजून अडतो, नाही असं नाही. म्हणून सांगतो, घास अडायला लागला तर पाण्यानं ढकलून वेळ मारून नेऊ नका. घरात बोला, डॉक्टरांना दाखवा आणि मान कुणाच्याही हाती देऊ नका. मला बोलता येत नव्हतं, तुम्हाला येतं. बरं, पुरे झालं आता. कपात अजून चहा उरलाय आणि त्यानं मला उचललंय.