नववी पायरी

ओढ्याच्या उगमावर खाण काढायची, तर ओढा उन्हाळ्यात कोरडा पडतो हे कंपनीला दाखवायचं होतं. तो पडत नाही, याचा सरकारी पुरावा एकच: मोजणीदाराची वही. रोज सकाळी सातला पुलाखालच्या मोजपट्टीवर पाण्याची उंची बघून लिहायची, हे त्याचं अकरा वर्षांचं काम. त्यातली नऊ वर्षं त्याने ते अंथरुणात बसून केलं होतं.

सुनावणीत कंपनीचा इंजिनिअर वही घेऊन उभा राहिला, आणि मोठ्याने वाचू लागला.

"बेचाळीस सेंटिमीटर. बेचाळीस. बेचाळीस. त्रेचाळीस..."

"पाऊस होता त्या दिवशी," मोजणीदार पुटपुटला.

"आणि पूल मोजपट्टीसकट वाहून गेला, त्या दिवशी?"

वहीत बेचाळीसच होतं. खोलीत खसखस पिकली. सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाईंनी वही मिटली. "हे धरता येणार नाही."

"मग हे धरा," मागून आवाज आला. मोजणीदाराची बायको पिशवीतून जुन्या कॅलेंडरांची गुंडाळी काढत होती. तिची लाँड्री होती आणि धुणं ओढ्याच्या पायऱ्यांवर. पाणी वरून सातव्या पायरीखाली गेलं की ती रजया घेत नसे, म्हणून रोज पायरीचा आकडा कॅलेंडरवर.

"अगं, मला सांगायचंस तरी!" मोजणीदार कुजबुजला.

"झोपलेल्या माणसाला काय सांगायचं?" ती मोठ्याने म्हणाली. "बाई, भर उन्हाळ्यातही पाणी नवव्या पायरीला असतं. त्याखाली काय आहे, मी अजून पाहिलेलं नाही."

"कॅलेंडरवर कुणीही काहीही लिहील," इंजिनिअर हसला.

"चला, बघूच," बाई म्हणाल्या.

वैशाखाचं ऊन मी म्हणत होतं. इंजिनिअर ऐटीत पायऱ्या मोजत उतरला. आठवी कोरडी. नवव्या पायरीवर बूट भिजले. "डबकं आहे हे," म्हणून त्याने पुढचं पाऊल टाकलं आणि कमरेपर्यंत आत गेला.

"दहावी लागली का हो?" बायकोने काळजीने विचारलं.

बाईंनी अहवालात लिहिलं: पाणी इंजिनिअरच्या पट्ट्यापर्यंत. परवानगी नाकारली. यापुढे मोजणीच्या वहीवर रोज लाँड्रीवाल्या बाईंचीही सही लागेल.

दुसऱ्या दिवशी सातला बायकोने हाक मारली, "अहो, पाणी किती?"

"बेचाळीस," रजईतून उत्तर आलं.

तिने रजई ओढून घेतली, घडी केली आणि त्याच्या हातात दिली. "जातच आहात, तर हीसुद्धा धुऊन आणा."