खिम्याचा रोडगा

दिवाळीच्या सुमारास धंतोलीच्या डॉक्टरनं वामनरावांना साखरेची बिमारी सांगितली आणि त्यांच्या ताटातली पोळी, भात, भाकर सगळं बंद करून टाकलं. बेसा गावचा शेतकरी माणूस, घरचा गहू कोठीत भरलेला, आणि खायचं काय, तर वांगं, मेथी आणि मटण! मधेच भूक लागली म्हटलं की प्रेमिलाबाई पुढ्यात उकडलेलं अंडं ठेवायच्या.

"एखाद्या दिवशी सकाळी उठून आरवाले लागीन मी!" वामनराव ओरडायचे. बाई ढिम्म. त्यांच्या थोरल्या भावाचा पाय याच साखरेनं गेला होता, त्या कुठल्या ऐकतात!

संक्रांत झाली आणि शेतावर रोडग्यांची पार्टी ठरली. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेला कणकेचा गोळा, फोडून तुपात बुडवलेला, सोबत वांग्याची झणझणीत भाजी! वामनरावांचा जीव नुसता तळमळत होता. होम सायन्स शिकणारी त्यांची लेक गोपिका म्हणाली, "बाबा, तुमच्यासाठी मीट लोफ करतो मी. खिमा, कांदा, अंडं, अन् पावाच्या जागी जवसाची पूड. लांबट गोळा करून ओव्हनमधी भाजतात, आपण निखाऱ्यात भाजू."

"म्हणजे खिम्याचा रोडगाच न वं!" वामनराव म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांच्या डोक्यात किडा वळवळला.

घरी चुलीजवळ राज्य प्रेमिलाबाईंचं, पण शेतातली आग पुरुषांची, हा तिकडचा रिवाजच. "व्हा तिकडं, बायकाइचं काम नाही इथं," म्हणून वामनरावांनी सगळ्यांना हाकललं. एक भाजलेला रोडगा हळूच उचलला, राख झटकली आणि खिम्याच्या पोटात दडवला. वरून खिमा थापला, गोळा पळसाच्या पानांत गुंडाळला, सुतळीनं बांधला. विहिरीवर जाऊन हात धुतले, परत येऊन गोळा निखाऱ्यात पुरला आणि राखण करत बसले. कोणाच्या बापाला कळणार होतं?

घरी आधी पुरुष जेवायचे, बाया मागून. शेतात मात्र एकच पंगत. वाढणं झालं तसा वामनरावांनी सुरा स्वतःच्या हातात घेतला. "मधला तुकडा माझा हं, आधीच सांगून ठेवतो!"

सुरा खोल गेला. आत पिवळाधमक बलक.

"अंडं?" गोपिका चमकली. "मी तं सगळी फेटून टाकली होती!"

वामनरावांनी मान वर केली. समोर प्रेमिलाबाई शांतपणे भाजी खात होत्या.

"काय पाहून राहिले अजी? अंडं चालते तुमाले."

"अन् रोडगा कुठं गेला?"

"तुमी विहिरीवर गेले तवाच काढला. गोऱ्ह्याले देल्ला. खुश झाला बिचारा."

पंगतीत हशा पिकला. पार्टीला आलेल्या व्याही महादेवरावांना तर ठसकाच लागला. वामनराव लाल झाले. "हास वं, हास! तुले काय जाते? रोज पोळ्या हाणून राहिली असशील तूप लावून!"

म्हणता म्हणता त्यांची नजर तिच्या पत्रावळीवर गेली. वांग्याची भाजी आणि खिम्याचा तुकडा. बस. सगळ्या पंगतीत दोनच पत्रावळींवर रोडगा नव्हता.

"तुले कोणी वाढला नाही काय?"

"मीच नको म्हटलं."

"आई दिवाळीपासून खातच नाही, बाबा," गोपिका म्हणाली. "पोळी नाही, भात नाही. तुमी जेवून उठता, तुमाले काय मालूम!"

"काहून वं?" वामनरावांचा आवाज एकदम खाली आला.

"एकटीच्या गळ्याखाली उतरत नाही, म्हणून!" बाई उलट चिडल्याच. "जेवा आता गुपचूप, थंडं होऊन राहिलं."

वामनरावांना गलबलून आलं. त्यांनी तुकड्यातलं अंडं काढलं, दोन भाग केले आणि बलकाचा मोठा भाग तिच्या पत्रावळीवर ठेवला.

"घे," ते म्हणाले. "आरवाचं तं दोघं मिळून आरवू."