कोठीआड गेलेलं वायफाय

धामणगाव बढ्यात ज्याच्या घरी रज्जाकची कोठी नाही, त्याच्या घरचे गहू पोरकेच म्हणायचे. पत्रा कापावा रज्जाकनं, वाकवावा रज्जाकनं आणि सांध्याला डाग द्यावा तोही रज्जाकनंच. कोठी तयार झाली की तो तिच्या पोटावर टिचकी मारायचा, आवाज विरेपर्यंत थांबायचा आणि गिऱ्हाइकाला म्हणायचा, "ऐकलं? मुंगी तर सोडाच, हिच्यात वारा शिरला तर माहं नाव बदलून टाका."

गावातल्या गव्हाला घर देणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरी मात्र बावीस वर्षं गहू पोत्यांतच लोळत होते. त्याची बायको मुबीना दर उन्हाळ्यात आठवण करून द्यायची. रज्जाक दर उन्हाळ्यात सांगायचा, की बस, या गिऱ्हाइकाची झाली की तुझीच. गिऱ्हाईक सरत नव्हतं आणि तिची पाळी येत नव्हती.

या चैतात ती आली. आणि कोठी झाली ती अशी, की पुरुषाहून अर्धा हात उंच, दोघांनी हात धरले तरी मिठीत न मावणारी. एवढी कोठी दारातून आत जाणार नाही हे रज्जाकला ठाऊक होतं. म्हणून त्यानं पत्रे खोलीत नेले आणि कोठी खोलीतच बांधली, पक्ष्यानं झाडात घरटं बांधावं तशी. रविवारी तिच्यात नऊ पोती गहू ओतले. मुबीनानं तिच्यावरून तळहात फिरवला, जसा धुतलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवावा. रज्जाकनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

सोमवारी सकाळी इंटरनेट गेलं.

एरवी गेलं असतं तर गेलं असतं. पण त्या सोमवारी दुपारी चार वाजता मुबीनाची मुलाखत होती. पुण्याच्या एका मुलांच्या मासिकाला उर्दूतल्या गोष्टी मराठीत आणणारं माणूस हवं होतं, घरबसल्या. मुबीनाची शाळा उर्दूतली आणि गल्ली मराठीतली. दोन्ही भाषा तिच्या जिभेवर सख्ख्या बहिणींसारख्या नांदत. तिनं नमुना पाठवला, तो त्यांना आवडला. आता त्यांना तिला पडद्यावर समोर बसवून टाइप करताना पाहायचं होतं. म्हणून मोबाइल नको, काम्प्युटरच हवा; खोली शांत हवी, दार लावलेलं हवं. निवड मंगळवारपर्यंत करायची असल्यानं मुलाखत पुढे ढकलता येणार नाही, हेही त्यांनी आधीच कळवलं होतं.

दहा वाजता मुबीनानं काम्प्युटर लावला तर खालच्या कोपऱ्यातल्या जगाच्या गोळ्यावर फुली. बंद करून चालू केला. फुली. मग तिनं भिंतीवर थाप मारली.

भिंतीपलीकडे बेबीताई आणि भाऊराव हे जोडपं राहत होतं. दोन घरांत मिळून एकच वायफाय. त्याचा राउटर बेबीताईंच्या बाजूच्या भिंतीवर, घड्याळाखाली. थाप ऐकताच बेबीताई पदर खोचत आल्या, मागून भाऊराव. घरात मियाँबीबी उर्दूच बोलत, पण ही दोघं उंबऱ्यात आली की त्यांच्या जिभा आपसूक वऱ्हाडीवर येत.

"भाऊराव दादा, पाहा न जरा," रज्जाक म्हणाला. "तुमी तर वायरमन."

भाऊराव निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी सदऱ्याच्या खिशातून टेस्टर निवृत्त झाला नव्हता. त्यांनी काम्प्युटरच्या मागं खोचलेली वायफायची बोटभर काडी निरखली. तिला टेस्टर लावून पाहिला. मग मान हलवली.

"भाभी, जलमभर वायरी पाह्यल्या म्या. ज्याले वायरच नाही, त्याची नाडी कुठी धरू?"

"मंग वापस जा," बेबीताई म्हणाल्या. "तसंही घरचा पंखा तीन महिन्यापासून कुरकुर करून राह्यला, त्याले तर वायर हाये."

"पंख्याचं वेगळं असते."

"हो, पंख्याची मुलाखत नाही न!"

मुबीनाला हसू आलं, पण तिची नजर घड्याळावरून हलली नाही. अकरा वाजले होते.

उपाय सुरू झाले. काडी काढून फुंकली, पुसली, पुन्हा लावली. दुसऱ्या भोकात लावली. पलीकडे जाऊन राउटर बंद करायचं ठरलं. बेबीताई गेल्या आणि भिंतीआडून ओरडल्या, "केलं बंद!"

"आता दहा मोज!" भाऊराव इकडून ओरडले.

बेबीताईंनी मोठ्यानं आकडे मोजले. सातावर थांबून त्यांनी दुधावर आलेल्या मांजरीला हाकललं आणि मग पुन्हा एकपासून मोजायला लागल्या. राउटरचे दिवे एकामागून एक लागले. फुली जागची हलली नाही.

रज्जाकनं ओसरीत जाऊन आपला मोबाइल पाहिला. तिथं वायफाय खणखणीत.

"म्हंजे रोग काम्प्युटरातच हाय," भाऊराव म्हणाले. "मोबाइल तंदुरुस्त, हा आजारी. आता सांगा, कालपासून या खोलीत नवीन काय झालं? एकेक सांगा. काही लपवू नका."

हे विचारताना ते नव्या कोठीला पाठ टेकून आरामात उभे होते.

"म्या कॅलेंडरचा खिळा बदलला," मुबीना म्हणाली.

"त्यानं काही होत नाही. आनखी?"

"टेबल पुसला."

"ओल्या फडक्यानं?"

"कोरड्या."

"पाल गेली असन आत," बेबीताईंनी शंका काढली. "तुमी काय केलं का, रज्जाकभाई?"

"मी?" रज्जाक म्हणाला. "मी कायले काय करीन? सगळं जसंच्या तसं हाय."

आणि ते त्याला खरंच वाटत होतं. कोठी म्हणजे गव्हाचं सामान. तिचा काम्प्युटरशी काय संबंध? चुलीचा आणि चंद्राचा असावा तेवढाच.

एकच्या सुमाराला रज्जाक सहज मोबाइल हातात घेऊन खोलीत फिरत होता. भिंतीजवळ, कोठीच्या पुढे उभा राहिला, वायफायच्या चारही कमानी भरलेल्या. चार पावलं चालून कोठीमागच्या कोपऱ्यात काम्प्युटरपाशी गेला, कमानी पुसल्या गेल्या. पुन्हा पुढे आला. चार. पुन्हा मागं. एकही नाही.

रज्जाक मधोमध थांबला. भिंतीपलीकडे राउटर. भिंतीअलीकडे कोठी. कोठीआड काम्प्युटर.

या बोटांनी आजवर किती सांधे चाचपले असतील. कुठून वारा शिरतो आणि कुठं अडतो, हे त्याला न पाहता कळायचं. आताही कळलं. त्यानं हळूच मान वर करून कोठीकडे पाहिलं. कोठी चकचकीत, निष्पाप, नऊ पोती गहू पोटात घेऊन उभी.

त्यानं मोबाइल खिशात टाकला.

सांगावं तर कसं? भाऊराव संध्याकाळी पारावर बसतील आणि गावभर होईल: रज्जाकच्या कोठीनं इंटरनेट गिळलं. कालच दोघं-तिघं कोठी पाहून 'आमालेही अशीच' म्हणून गेले होते. ते एक वेळ चाललं असतं. पण मुबीनाचा कालचा तळहात? बावीस वर्षांनी एक वस्तू तिला दिली, आणि तीच तिच्या वाटेत आडवी!

"मी म्हनतो," तो घसा खाकरून म्हणाला, "काम्प्युटर ओसरीत न्यावं का? उजेड चांगला हाय तठी."

मुबीनानं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "लग्नाले बावीस वर्स झाले. आजपर्यंत तुमाले माह्या तोंडावरच्या उजेडाची फिकीर नाही पडली."

"आज पडली."

"ओसरीले दार हाय का? बेबीताईकडं न्यावं म्हनान, तर तठी पंखा कुरकुर करते. आज बाजार हाय, गल्लीतून भोंगेवाले जाऊन राह्यले. पुन्याची बाई मले विचारन काही, आन् मी सांगीन, 'ताजी कोथिंबीर, दहाले दोन जुड्या.'"

बेबीताई हसता हसता खाली बसल्या. रज्जाकही हसला, पण कोठीकडे न पाहता.

दोन वाजले. अडीच वाजले. भाऊरावांनी काम्प्युटरचं झाकण उघडून पालीचा शोध घेतला. पाल मिळाली नाही, मुबीनाची हरवलेली सुई मिळाली. तीनला दहा मिनिटं असताना मुबीना खुर्चीवरून उठली. धुवून ठेवलेली हिरवी ओढणी तिनं खांद्यावरून काढली, घडी घातली आणि मोबाइल उचलला.

"राहू द्या आता. गच्चीवर रेंज येते, तठून फोन करते त्याहिले. सांगते, नाही जमत. दुसरं कोनी पाहा म्हनते."

आवाज रोजचाच होता. त्यात तक्रार असती तर रज्जाकनं सहन केली असती. बावीस वर्षांचा सराव होता. पण त्या आवाजात काहीच नव्हतं. तो रिकामा होता, जशी गहू भरायच्या आधी कोठी असते.

"मुबीना, थांब." त्यानं जिन्याची वाट अडवली. "काम्प्युटर चांगला हाय. राउटर चांगला हाय. माह्या कोठीनं अडवलं तुहं वायफाय."

कोठीला टेकलेले भाऊराव ताडकन बाजूला झाले, जणू ती चावणार होती.

"कधी समजलं तुमाले?" मुबीनानं विचारलं.

"एक वाजता."

"मले बारा वाजताच समजलं होतं," मुबीना म्हणाली. "मोबाइल घेऊन मीही फिरली न इकडून तिकडं."

रज्जाकचं तोंड उघडंच राहिलं. "मंग बोलली काऊन नाही?"

"तुमच्या तोंडून निघते का, ते पाहून राह्यली होती. सव्वातीनपर्यंत थांबनार होती. नाहीतर चावडीसमोर उभी राहून सांगतलं असतं साऱ्या गावाले."

"आन् हा फोन?"

"कोनाले लावला? नंबर तरी दाबला का म्या?"

बेबीताईंना आता राहवेना. जात्यावर वाढलेला गळा तो. जातं गेलं तरी ओवी गेली नव्हती. त्यांनी कोठीवरच ठेका धरून मुबीनाच्या अडलेल्या गोष्टी ओवीत गुंफल्या:

"रज्जाक माहा भाऊ, त्यानं ठोकली कोठी,
गहू गेले आत, बाई, बाहेर राह्यल्या गोठी!"

"गाऊन घ्या, गाऊन घ्या," रज्जाक म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते, पण छातीवरचं ओझं उतरलं होतं, आणि ओझं उतरलेल्या कारागिराला पहिल्यांदा आठवतात ते त्याचे हात. "भरलेली कोठी तर आता हलत नाही. मुबीना, त्या काडीसंगं डब्यात काही आलं होतं का?"

मुबीना वस्तूंचे डबेही फेकायची नाही. ट्रंकेच्या तळातून डबा निघाला आणि डब्यातून एक पांढरी वायर, अजून दोऱ्यानं बांधलेली. एक टोक काम्प्युटरला लावायचं आणि दुसऱ्यात काडी खोचायची.

"वायर!" भाऊरावांचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा फुलला. "हे सांगा न पहिले! आना इकडं."

त्यांनी वायर अशा मायेनं सोडवली जणू खांबावरची जुनी सोबतीण भेटली. काडी कोठीच्या कडेपर्यंत पोचली आणि नव्या नवरीनं दाराआडून डोकवावं तशी पलीकडे डोकावली. फुली गेली. एक कमान उजळली. पण एकच, चित्र उघडता उघडता अडकत होतं.

तीन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

रज्जाक अंगणात धावला. कोठीच्या उरलेल्या पत्र्यातून त्यानं हातभर तुकडा कापला आणि लाकडी मोगरीनं ठोकून त्याला सुपासारखा बाक दिला. अशा कंदिलामागं लावायच्या टोप्या तो बापापासून शिकला होता: उजेड जो वाया जातो, तो पत्रा परत फिरवून देतो. कोठीपुढं मोबाइलच्या चार कमानी का भरल्या होत्या, ते त्याला आता नीट कळत होतं. जो पत्रा अडवतो, तोच गोळाही करून देतो. तोंड कुणीकडे केलं, एवढाच सवाल. सुपाला आकडा काढून त्यानं ते कोठीच्या कडेला अडकवलं आणि काडी त्याच्या पोटाशी ठेवली.

"आता सांग."

"दोन," मुबीना म्हणाली.

त्यानं सूप बोटभर फिरवलं.

"तीन... हलवू नका. तीनच राहू द्या, बाप्पा!"

मुबीनानं ओढणी पुन्हा खांद्यावर घेतली आणि तिघांनाही खोलीबाहेर काढून दार लावलं. ओसरीत तिघं ओळीनं बसले, परीक्षेला मुलगी बसवून शाळेबाहेर थांबलेल्या मायबापांसारखे. कोथिंबीरवाल्याचा भोंगा आला तेव्हा रज्जाक धावत गल्लीच्या तोंडाशी गेला आणि त्याला हात जोडून परत पाठवलं. सकाळ-संध्याकाळ हातोड्यानं सारी गल्ली दणाणून सोडणारा रज्जाक लोकांना 'शूऽऽ' म्हणतो आहे, हे पाहून समोरच्या तानाबाईंनी दारातच बसकण मारली.

दाराआडून आधी मुबीनाचा आवाज आला, मग एका अनोळखी बाईचा. मग बराच वेळ नुसत्या बटणांचा, जसा पत्र्यावर बारीक पाऊस.

"लिहून राह्यली," बेबीताई कुजबुजल्या.

"जोरात लिहून राह्यली," भाऊराव म्हणाले.

एकदा मात्र बटणांचा आवाज थांबला. रज्जाकनं दाराला कान लावला. आत मुबीना कुणाला तरी म्हणत होती, "नाही, मॅडम, तो शब्द तसाच ठेवू. पोरांना कळतो. आमच्या गल्लीतल्या सगळ्या पोरांना कळतो." पलीकडची बाई हसली आणि बटणं पुन्हा वाजू लागली.

पाऊण तासानं दार उघडलं. मुबीनाच्या कपाळावर घाम होता.

"काय झालं?" तिघांनी एकदमच विचारलं.

"शुक्रवारपर्यंत पहिली गोष्ट पाठवा म्हनल्या. सशाची हाय. मोठी हाय."

बेबीताईंनी तिच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. भाऊरावांनी टेस्टर खिशातून काढला आणि उगाच परत ठेवला. रज्जाकला काहीतरी मोठं बोलायचं होतं, पण तोंडात आलं ते एवढंच, "मंग आता चहा ठेव न, गोड."

"मी?" मुबीना तोवर वळलीसुद्धा होती. "मले आज सशाले बिळाबाहेर काढनं हाय. चहा तुमी ठेवा. चौघांचा."

दार पुन्हा लागलं. बेबीताई आणि भाऊराव रज्जाककडे पाहू लागले, जसे मगाशी काम्प्युटरकडे पाहत होते. तो उठला, चुलीपाशी गेला, एक डबा उघडला, तिखट निघालं. दुसरा उघडला, मीठ.

"मुबीना! साखर कुठी हाय?"

उत्तर आलं नाही. आत बटणं वाजत होती.